आठ एमबीचा माठ

यंदाच्या अंकाचा विषय ‘साठवण’ असल्याचं संपादकांचं पत्र आलं, त्याच आठवड्यात साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. ‘आत्या, बाबांचा जुना पीएस टू चालू झाला! पण सेव्ह करायला गेलं की कार्ड फुल म्हणतो. येताना एक मेमरी कार्ड आण ना. आणि मोठं आण. बाबांचं आठचंच आहे, तू एकशे अठ्ठावीसचं आण.’

पीएस टू म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन टू. तेरा वर्षांच्या मुलाचा हिशेब सरळ होता, आठापेक्षा एकशे अठ्ठावीस बरे. मलाही त्यात काही चूक दिसली नाही. म्हणून एका दुपारी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर चालू लागले. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण वायर, रेझिस्टर, सीसीटीव्ही किंवा रेडिओचा एखादा दुर्मीळ भाग शोधणाऱ्या चार पिढ्यांनी लॅमिंग्टन रोड हेच नाव तोंडात ठेवलं आहे.

पहिल्या तीन दुकानांत मान हलवली गेली. चौथ्या दुकानदाराने जिन्याकडे बोट दाखवलं. जिन्याखाली एका टेबलापुरत्या जागेत सोल्डरिंगचा धूर, उघडलेली दोन मशिनं आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. कारागिराने डबा माझ्यापुढे सरकवला. आत तीसेक मेमरी कार्डं होती. काळी, एक लाल, एक पारदर्शक. प्रत्येक काडेपेटीपेक्षा थोडं मोठं आणि त्याहून चपटं.

‘एकशे अठ्ठावीस एमबीचं द्या,’ मी म्हणाले.

त्याने डबा परत ओढून घेतला. ‘ताई, आधी सांगा. मुलाला नवीन खेळायचंय, की जुनं वाचवायचंय?’

कार्ड निवडण्याची सगळी गोष्ट या एका प्रश्नात होती, हे मला कळायला पुढचे दोन तास लागले.

कॅसेटवाल्या पिढीची वही

नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्यात पिवळी कॅसेट बसायची. तिला कॅसेटच म्हणत, जरी आत टेप नसून एक चिप होती. खेळ संपला किंवा वीज गेली की सगळं शून्यावर. साठवण अशी काही नव्हतीच. फार तर काही गेम टप्पा संपल्यावर एक पासवर्ड दाखवायचे आणि भाऊ तो गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवायचा. शून्य आणि ओ यांत घोळ झाला की महिन्याची मेहनत जायची.

जपान-अमेरिकेत तेव्हाही याहून बरा उपाय होता. निन्टेंडोच्या ‘लेजेंड ऑफ झेल्डा’च्या कॅसेटमध्ये १९८७ साली अमेरिकेत नाण्याएवढी बॅटरी बसवलेली असायची. ती आतल्या छोट्या स्मृतीला सतत जागी ठेवायची. बॅटरी संपली की त्या स्मृतीतलं सगळं पुसलं जायचं. खेळाची नोंद कॅसेटपासून वेगळी करून खिशात घालून नेता येईल, ही सोय घरगुती यंत्रांत प्रथम आणली ती १९९० च्या निओ जिओने. त्याचं कार्ड एटीएम कार्डासारखं चपटं होतं.

पण कार्डाला बॅटरीची गरजच उरू नये, यासाठी वेगळी चिप हवी होती. तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात फ्लॅश मेमरी शोधून काढली. तिच्यात विजेचे कण चारी बाजूंनी बंद केलेल्या एका सूक्ष्म कप्प्यात कोंडले जातात. कप्प्याला दार नाही, सभोवार विद्युतरोधक थर. जास्त दाबाची वीज लावली की कण थर ओलांडून आत-बाहेर होतात, एरवी वर्षानुवर्षं जागेवर राहतात. कप्प्यात कण आहेत की नाहीत, यावरून एक की शून्य ठरतं. कारागिराने एक मेलेलं कार्ड उघडून दाखवलं. आत नखाएवढ्या एकदोन चिप आणि तांब्याच्या रेघा. बॅटरी नाही. कितीतरी गिऱ्हाइकं ‘याचा सेल बदलून द्या’ म्हणत येतात, असं तो म्हणाला.

पंधरा घरं

सोनीचं पहिलं प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आलं. त्याच्या कार्डाची क्षमता १२८ केबी. आज फोनवर काढलेला एक फोटो त्यात मावणार नाही. या जागेची सोळा समान घरं पाडलेली. एका घरात कार्ड आपली अनुक्रमणिका ठेवतं, पंधरा आपल्याला मिळतात. एखादा गेम एका घरात भागवायचा, एखादा तीन-चार बळकावून बसायचा.

गेमिंग पार्लरमध्ये त्या पंधरा घरांचा व्यवहार मी जवळून पाहिला आहे. भाऊ कार्ड कंपासपेटीत घालून न्यायचा. पार्लरमध्ये मशीन पार्लरचं, टीव्ही पार्लरचा, सीडी पार्लरची, रिमोट पार्लरचा. कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो. मुलाच्या मालकीचं तेवढं कार्ड. ते घातलं की परक्या यंत्रावर कालच्या जागेपासून खेळ सुरू व्हायचा. ज्याच्याकडे कार्ड नाही तो पार्लरच्या सामायिक कार्डावर सेव्ह मारायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचा, तर त्याचं घर कुणीतरी मोडून तिथे आपलं बांधलेलं असायचं. त्यावरून झालेली भांडणं मला आठवतात. दोन मित्र महिनाभर बोलत नव्हते.

कार्ड हे माणसाचं चोपडं आहे, हे गेम बनवणाऱ्यांनीही ओळखलं होतं. १९९८ च्या ‘मेटल गियर सॉलिड’मध्ये सायको मँटिस नावाचा मनकवडा खलनायक आहे. तो खेळणाऱ्याचं कार्ड गुपचूप वाचतो आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या गेमची नोंद सापडली तर त्याचा उल्लेख करून तुमचं मन वाचल्यासारखं दाखवतो. अंगावर काटा यायचा, कारण त्याच्या हातात खरोखरच तुमच्या फावल्या वेळेचा हिशेब असायचा.

जागा कमी म्हणून बाजारात बटणवाली कार्डं आली. एकाच कार्डात पंधरा-पंधरा घरांची आठ पानं, बटण दाबलं की पान बदलतं. कारागीर त्यांना हात लावत नाही. खेळ चालू असताना चुकून बटण दाबलं गेलं की यंत्राच्या दृष्टीने कार्डच बदलतं.

आठ एमबी पुरतात

पीएस टू मार्च २००० मध्ये जपानात आला आणि जगातला सर्वांत जास्त खपलेला घरगुती कन्सोल ठरला. त्याचं उत्पादन बंद झालं ते २०१३ च्या सुमारास. त्याचं अधिकृत कार्ड पहिल्यापासून आठ एमबीचं. भाच्याला ते अपमानास्पद वाटत होतं, पण या कार्डावर गेम साठत नाही. गेम डिस्कवर असतो. कार्डावर साठते ती आपण घातलेली भर : कुठल्या टप्प्यावर आहोत, किती पैसे, कोणती गाडी, कुठलं मिशन झालं, कोणत्या खेळाडूच्या किती धावा. पुस्तक कपाटात आणि कार्डावर फक्त खूण आणि समासातल्या नोंदी.

त्यामुळे किती जागा हवी हे ठरवायला अंदाज लावावा लागत नाही. गेमच्या खोक्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आठ एमबीच्या कार्डावर किमान किती केबी लागतील. समजा दोनशे केबी लिहिलं असेल, तर अशा चाळीसेक नोंदी एका कार्डात बसतात. ज्यांत आख्खा मोसम, संघ आणि खेळाडूंची आकडेवारी जपायची असते, ते क्रिकेट-फुटबॉलचे गेम जास्त जागा खातात. भावाच्या कार्डात ‘क्रिकेट ०७’ची नोंद होती. कार्ड कशाने भरलं ते मला तिथेच कळलं.

मग एकशे अठ्ठावीसच का घेऊ नये? कारागिराचं उत्तर मी तपासून पाहिलं, ते रास्त आहे. सोनीच्या कार्डात मॅजिकगेट नावाची व्यवस्था आहे. यंत्र आणि कार्ड आधी एकमेकांची ओळख पटवतात, मगच देवाणघेवाण होते. गेम बनवणाऱ्यांनी आपले गेम आठ एमबीचं कार्ड समोर ठेवून लिहिले आणि तपासले. तिऱ्हाइताच्या मोठ्या कार्डाला ती ओळख आणि ती मांडणी हुबेहूब साधावी लागते. सोळा-बत्तीसची काही कार्डं ते नीट करतात. त्याहून मोठ्या आकड्यांची कार्डं काही गेमना दिसतच नाहीत, आणि काही कार्डांवर महिनोन्महिने सगळं सुरळीत चालून मग एके दिवशी अनुक्रमणिका फाटते. अनुक्रमणिका गेली की नोंदी जागेवर असूनही सापडत नाहीत. एकशे अठ्ठावीस एमबी एकदम हरवण्यापेक्षा आठ-आठची दोन कार्डं बरी, हे मला पटलं. यंत्राला खाचाही दोन आहेत.

आणि सेव्ह होताना कार्ड काढू नका, यंत्र बंद करू नका, ही पडद्यावरची सूचना साताऱ्यात आम्हाला फार जवळून कळली होती. फ्लॅश चिपवर शाईसारखं खोडून जागच्या जागी दुरुस्त करता येत नाही. एक ओळ बदलायची तर तिच्यासकट सगळी पाटी पुसायची आणि पुन्हा पूर्ण लिहायची. पीएस टूच्या कार्डात अशी एक पाटी आठ केबीची असते. पुसून झालं आणि लिहायच्या आत वीज गेली, तर पाटी कोरी. त्यातही ती पाटी अनुक्रमणिकेची असेल तर एका नोंदीबरोबर सगळंच धोक्यात.

ते दिवस लोडशेडिंगचे होते. पेपरात आलेलं वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेलं असायचं. गिरणीत दळण कधी टाकायचं, पंप कधी लावायचा आणि भावाने सेव्ह कधी मारायचा, हे तिन्ही त्याच कागदावरून ठरे. त्या काळच्या बहुतेक गेममध्ये खेळ आपोआप साठत नसे. ‘व्हाइस सिटी’त आपल्या घरी परत येऊन गोल फिरणाऱ्या कॅसेटच्या चिन्हावर उभं राहावं लागायचं. दोनला वीज जाणार असेल तर भाऊ पावणेदोनला मिशन अर्धं टाकून गाडी घराकडे वळवायचा. एकदा वीज दहा मिनिटं आधी गेली. कार्ड पुन्हा घातलं तेव्हा यंत्राने ते ओळखलंच नाही. तो जेवला नाही त्या रात्री. आईने त्याला रागवलं नाही, हेही मला लख्ख आठवतं. तिच्या लेखी साठवलेलं सांडणं ही थट्टेची गोष्ट नव्हती.

भरून पाहा

आई माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायची. पण घरी आणल्यावर खरी परीक्षा : काठोकाठ भरून रात्रभर पाटावर ठेवायचा. सकाळी पाट ओला दिसला की माठ परत. वाजवून मोठा तडा कळतो, झिरपणं कळत नाही.

कारागिराच्या डब्यातल्या कार्डांचंही तसंच होतं. त्याने दोन कार्डं शेजारी ठेवली. दोन्हींवर मॅजिकगेटची खूण, दोन्हींवर ८ एमबी. एक अस्सल, एक नक्कल. अक्षरांचा ठसा, प्लास्टिकचा पोत, खाचेत बसतानाचा आवाज यावरून त्याला फरक कळतो. मला कळला नाही, आणि वाचकांपैकी बहुतेकांना कळणार नाही. म्हणून त्याची पद्धत सांगते. कार्ड यंत्रात घालायचं, दुसऱ्या कार्डावरून नोंदी आणून ते पूर्ण भरायचं, यंत्र बंद करायचं, कार्ड काढून पुन्हा घालायचं आणि प्रत्येक नोंद तिच्या गेममध्ये उघडून बघायची. रिकाम्या कार्डावर एक नोंद लिहून वाचता आली, एवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही.

ही शिकवण मला आधी मिळाली असती तर बरं झालं असतं. काही वर्षांपूर्वी मी निन्टेंडो स्विचसाठी एक मायक्रोएसडी कार्ड घेतलं होतं. स्विच अमेरिकेतल्या मावसबहिणीच्या बॅगेतून आला होता, महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत तो असाच येतो. कार्ड मात्र इथेच घेतलं, स्वस्त मिळालं म्हणून. वर ५१२ जीबी लिहिलेलं. यंत्रानेही तेवढंच दाखवलं. दोन गेम उतरवले, चालले. तिसरा उतरवला, तर पहिला उघडेना.

त्या कार्डाच्या आतली नियंत्रक चिप खोटं बोलायला शिकवलेली होती. प्रत्यक्ष जागा थोडीच, पण विचारलं की सांगायची पाचशे बारा. जागा संपली की ती तक्रार करत नाही, मागच्या पानांवर नवं लिहीत सुटते. हे पकडायला एचटूटेस्टडब्ल्यू आणि एफथ्री असे मोफत प्रोग्राम आहेत. ते कार्ड संगणकाला लावून शेवटच्या बाइटपर्यंत भरतात आणि मग सगळं परत वाचून ताडून बघतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. ते तास मी आता देते, कार्ड घेतल्याच्या पहिल्याच दिवशी, परत करण्याची मुदत असतानाच. या जागी एक गैरसमज दूर करायला हवा. ५१२ चं कार्ड संगणकावर ४७६ दिसलं तर ती फसवणूक नाही. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या.

कार्ड पालटलं, त्याचा अर्थही

मधल्या काळात मेमरी कार्ड जवळजवळ नाहीसं झालं होतं. २००१ च्या एक्सबॉक्समध्ये आठ जीबीची हार्ड डिस्क आतच आली, २००६ च्या पीएस थ्रीतही डिस्क होती. मग स्विचने २०१७ साली पुन्हा कार्डाची खाच दिली. नाव तेच, काम उलटं.

स्विचमध्ये खेळणाऱ्याची प्रगती कार्डावर जात नाही. ती यंत्राच्या पोटातच राहते. कार्डावर जातो तो उतरवून घेतलेला गेम, म्हणजे कपाटातलं पुस्तक. समासातल्या नोंदी घरमालकाकडे. माझं ते लबाड कार्ड गेलं तेव्हा मी घाबरले होते, पण बुडाला तो डाउनलोडचा वेळ. गेम पुन्हा उतरवले आणि जिथे होते तिथून खेळले. भावाचं कार्ड गेलं असतं तर गेम कपाटात शाबूत राहिला असता आणि भाऊ त्यातून पुसला गेला असता.

म्हणून या दोन कार्डांची निवड एकाच मापाने करणं चूक आहे. पीएस टूला जागा आणि वेग दुय्यम, खात्रीलायक कार्ड हवं. स्विचला अस्सलपणा तपासल्यावर पुढचा प्रश्न वाचण्याच्या वेगाचा. साध्या स्विचला यूएचएस-१ प्रकारचं कार्ड पुरतं. स्विचमध्ये त्या रस्त्यावरून सेकंदाला १०४ एमबीपेक्षा जास्त वाहतूक होऊच शकत नाही. म्हणून कार्डावरचा त्याहून मोठा आकडा पाहून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. यू३ किंवा व्ही३० ही खूण सलग लिहिण्याचा किमान वेग सांगते, सेकंदाला ३० एमबी, आणि ती मुख्यतः व्हिडिओ टिपणाऱ्यांसाठी आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच टूला मात्र घरातलं जुनं कार्ड चालत नाही. गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेसच हवं, जुन्या कार्डावरून फार तर स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ उचलता येतात. दोन्ही कार्डं आकाराने सारखीच असतात आणि खाचेत बसतातही. खोक्यावरचं ‘एक्स्प्रेस’ हे नाव आणि ईएक्स ही खूण पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

साताऱ्यात

कारागिराने डब्यातून एक काळं, आठ एमबीचं कार्ड निवडलं, त्याचे सोनेरी संपर्क अल्कोहोलने पुसले आणि कागदात गुंडाळून दिलं. ‘जुनं कार्ड फॉरमॅट करायला यंत्र विचारेल, तर नाही म्हणायचं,’ त्याने दोनदा बजावलं. जुन्या कार्डाच्या संपर्कांवर मळ बसला की यंत्राला ते कोरं वाटतं. ‘आधी पुसा, मग दुसऱ्या खाचेत घालून पाहा. हो म्हटलंत की संपलं.’

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर भाचा आणि मी टीव्हीसमोर बसलो. आकार पाहून तो हिरमुसला होता, पण दोन खाचांत दोन कार्डं घातल्यावर पुढे सरकला. पीएस टूच्या पडद्यावर प्रत्येक नोंदीचं एक छोटं त्रिमितीय चित्र गोल फिरत असतं. खाली आकार आणि तारीख. २००५, २००६, २००७. दोन हजार सातच्या जूनपासून पुढे काही नाही. त्या महिन्यात भावाला पुण्यात नोकरी लागली होती.

एकेक नोंद निवडून नव्या कार्डावर उतरवायला घेतली. पट्टी हळूहळू भरायची. त्या वेळात कुणी वायरला पाय लावू नये म्हणून भाच्याने उशी आडवी ठेवली, कुणी न सांगता. एका नोंदीने उतरायला नकार दिला. काही गेमनी आपल्या नोंदी कॉपी होऊ नयेत अशी सोय केलेली असते. तिची जागा जुन्या कार्डातच.

नवं कार्ड जवळजवळ भरलं, तेव्हा यंत्र बंद केलं, कार्ड काढलं आणि देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलं. रात्रभर. सकाळी चहाआधी एकेक सीडी लावून एकेक नोंद उघडली. सगळ्या उघडल्या. आईचा पाट कोरडा होता.

जुन्या कार्डावर भाच्याने पांढरी पट्टी चिकटवली, ‘बाबा’ लिहिलं आणि ते कंपासपेटीत ठेवलं. आता नव्या कार्डावरच्या प्रती पुसून स्वतःसाठी जागा करायची होती. तो ‘व्हाइस सिटी’वर आला आणि डिलीटचं बटण दाबणार, एवढ्यात मागून भावाचा आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला होता, कळलं नव्हतं.

‘ते नको पुसू. दोन मिशन राहिलीत त्यातली.’

भाच्याने न बोलता रिमोट वर धरला. भाऊ सतरंजीवर बसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठे ठेवायची जागा शोधू लागला.